कमरेशी झाकलेलं

किराणा दुकानातल्या फळ्यांच्या चौथ्या रांगेत टॅन्सी प्रुइट खालच्या फळीवरची मक्याच्या पिठाची पिशवी काढायला बसली होती. तेवढ्यात पलीकडून आवाज आला…

"मॅम, काकडीचं लोणचं की बीटाचं?"

"बीटाचं रे बाळा. ते मागचं, मोठ्या बरणीतलं."

एक उंच माणूस टाचा उचलून सर्वांत वरच्या फळीपर्यंत हात पोचवत होता. शेजारी काठी टेकून एक म्हातारी उभी होती. हात वर गेला तसा त्याचा शर्टही वर गेला, आणि कमरेच्या पट्ट्यावर, उजव्या बाजूला जरा मागे, पिस्तुलाची काळी मूठ दिसली.

टॅन्सी उठली. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत असल्यासारखं दाखवत हळूच म्हणाली, "शर्ट खाली ओढा."

"अं?"

"उजवीकडे. अख्ख्या गावाला दर्शन होतंय."

त्याचे कान बीटासारखे लाल झाले. एका हाताने शर्ट ओढत त्याने दुसऱ्या हाताने बरणी म्हातारीच्या टोपलीत नीट ठेवली, टोपीला हात लावून तिला निरोप दिला, आणि मग टॅन्सीकडे वळला.

"परवाना आहे माझ्याकडे," तो पुटपुटला.

"मी कुठे मागितला? परवान्याने ते कायदेशीर होतं. झाकलं जात नाही."

"तुमच्या… लक्षात कसं आलं?"

"शिवणकाम करते मी. लोक चेहरे बघतात, मी शिवणी बघते. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच कळलं. पातळ एकरंगी शर्ट, ढिला पट्टा, आणि दर चार पावलांनी कोपराने चाचपणं. बायकोने किल्ल्या सांभाळायला दिलेला नवरा खिसा चाचपतो ना, अगदी तसं."

"बायको नाहीये मला," तो पटकन म्हणाला. आणि लगेच वरमला.

"तेही मी विचारलं नव्हतं."

तो हसला. हसताना त्याची एक भुवई जरा आधी वर जायची, दुसरी मागून. टॅन्सीने ते बघितलं, आणि आपण ते बघितलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"म्हणजे तुमच्याकडेही… आहे?"

टॅन्सीने दोन्ही हात जरासे पसरले. निळा फुलाफुलांचा फ्रॉक, पायात कापडी चपला. "बघा सापडतंय का."

त्याची नजर तिच्या डोळ्यांवर आली, क्षणभर अडखळली, आणि सरळ छताकडे गेली. "तसं शोधत बसलो, तर आईने शिकवलेलं सगळं वाया जाईल, मॅम."

टॅन्सी खळखळून हसली. गेल्या तीन वर्षांत कुठल्या पुरुषाने तिला किराणा दुकानात हसवलं नव्हतं. "कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे," ती म्हणाली. "एखादं बिनबाह्यांचं जाकीट घेऊन या. बेतून देते. आणि तोवर कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसत जा."

---

तो तिसऱ्याच दिवशी आला. नाव एमस टिलरी, धंदा पियानो सुरात लावण्याचा. टेनेसीच्या त्या डोंगराळ मुलखात चर्च तिथे पियानो, आणि पियानो तिथे एमस. दिवसभर वाकायचं, पियानोखाली उताणं झोपायचं, हात लांबवायचे. शर्ट कसा जागेवर राहणार?

"आधी कमरेचं काढायचं," टॅन्सीने बजावलं. "होल्स्टरसकट, त्या चामडी म्यानासकट. त्या तिजोरीच्या डब्यात ठेवा, कुलूप लावा, किल्ली तुमच्या खिशात. माझ्या टाचण्यांजवळ भरलेलं हत्यार चालत नाही."

मग तिने खणातून निळ्या प्लॅस्टिकचं खोटं पिस्तूल काढलं आणि त्याच्या कमरेला लावून मापं घ्यायला सुरुवात केली. इस्त्रीची वाफ खोलीभर होती. खिडकीतून मधुमालतीचा वास येत होता. टेप त्याच्या छातीभोवती फिरली तेव्हा त्याने श्वास रोखला.

"श्वास घ्या. न घेता माप दिलंत तर जाकीट फक्त मेल्यावर बसेल."

"घेतोय… जमेल तसा."

आतल्या खोलीत काज-बटणं करत बसलेल्या ओपल मावशींना खोकला आला. ओपल मावशी टॅन्सीच्या आईची थोरली बहीण. दुकान टॅन्सीचं, जीभ मात्र मावशींची.

"कशासाठी बाळगता?" टॅन्सीने खडूने खूण करत विचारलं.

एमसने ते साधेपणाने सांगितलं. चार वर्षांपूर्वी ओढ्यावरच्या पुलाजवळ दोघांनी त्याची गाडी अडवली. गाडी नेली, पियानोच्या अवजारांची पेटी नेली, जाताना गळ्याखालचं हाड मोडून गेले. तो अकरा मैल चालत घरी आला. "नंतर शिकलो, परीक्षा दिली, परवाना काढला. अजून एकदाही बाहेर काढलेलं नाही. देव करो, कधी न काढावं लागो." जरा थांबून तो म्हणाला, "तुमचं पर्समध्ये असतं का?"

"पर्स चोर नेतो. बरोबर तेही नेतो. चुकलात."

"मग… घोट्याला?"

"या चपलांवर?"

"मग मी हरलो," एमस म्हणाला. "पण हरलेल्या माणसाला तळलेला मासा खायला घालायची पद्धत आहे आमच्याकडे."

"हरलेला खायला घालतो, एमस. खात नाही."

"तेच म्हणतोय. शुक्रवारी येशील?"

तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला ते दोघांनाही कळलं नाही. आतून पुन्हा खोकला आला.

---

नदीकाठच्या खानावळीत वाढणाऱ्या बाईने विचारलं, बिअर आणू का, आणि दोघं एकदमच म्हणाले, "नको, गोड चहा." एकमेकांकडे बघून दोघंही हसले. कमरेला हत्यार असताना दारूच्या ग्लासाला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. पण टॅन्सीला कायद्यापेक्षा तो पटकन 'नको' म्हणाला याचंच अप्रूप वाटलं.

मासा संपला, मक्याचे गरम गोळे संपले. बर्फ घातलेला तो गोड चहा तिसऱ्यांदा भरून झाला. तेव्हा तिने ब्रॅंटबद्दल सांगितलं.

ब्रॅंट येट्सशी तिचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी पेट्रोल पंपावर एका म्हाताऱ्याच्या गाडीने ब्रॅंटच्या गाडीला जरासं खरचटलं. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत होतं, तो नुसता "काय? काय म्हणालात?" करत राहिला. ब्रॅंटने शर्ट वर केला. बाहेर काढलं नाही, रोखलं नाही, फक्त दाखवलं. म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले.

"मी अंगठी काढली, त्याच्या गाडीत समोरच ठेवली आणि चालत घरी आले," टॅन्सी म्हणाली. "कमरेचं झाकायला मी कुणालाही शिवून देते, एमस. रागाला अस्तर लावता येत नाही मला."

एमसने चहाचा ग्लास बाजूला सारला. मग त्याने टेबलावरचा तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याच्या बोटांना तारांचे घट्टे पडले होते. "मला राग येतो," तो म्हणाला. "येत नाही असं सांगणार नाही. पण तो मी घरी नेतो."

---

पुढच्या शनिवारी दुपारी कोर्टासमोरच्या हिरवळीवर पीचची जत्रा होती. टॅन्सीने बेतलेलं तपकिरी जाकीट एमसने घातलं होतं, आणि ते इतकं बेमालूम बसलं होतं की तिला स्वतःच्या कामाचा गर्व वाटला. एमसच्या हातात पीचच्या गोड पदार्थाचा द्रोण होता, टॅन्सीच्या हातात दोन चमचे. आणि समोरून ब्रॅंट आला.

"हा का तुझा नवा?" तो मोठ्याने म्हणाला. "पियानोला गुदगुल्या करणारा?"

"चल, एमस," टॅन्सी म्हणाली.

ब्रॅंटने वाट अडवली. मग एमसच्या छातीला धक्का दिला. द्रोण उलटला, पाक जाकिटावरून ओघळला. आजूबाजूचे थबकले. ब्रॅंटने दुसरा धक्का दिला, जोरात. "काय रे? बोलता येत नाही?"

एमसने दोन्ही हात छातीपाशी आणले. तळवे उघडे, समोरच्याला दिसतील असे. एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक.

"बरोबर आहे तुमचं," तो शांतपणे म्हणाला. "मीच वाटेत आलो. आम्ही निघतो. दिवस चांगला जावो तुमचा."

कुणीतरी फिसकन हसलं. ब्रॅंट तिथेच उभा राहिला, भांडायला कुणी उरलंच नाही म्हणून गोंधळलेला. एमस टॅन्सीला घेऊन चालू लागला, घाई न करता.

टॅन्सी मात्र स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो फ्रॉकच्या खिशात होता. खिशाला तळ नव्हता, तिने स्वतःच तसा शिवला होता. हात मनगटापलीकडे आत गेला होता, कमरेच्या पट्ट्यापर्यंत. बोटं पिस्तुलाच्या मुठीवर होती. कधी गेली, तिला कळलंही नव्हतं. दुसऱ्या धक्क्याला गेली असणार. कुणाचा जीव धोक्यात नव्हता. एक द्रोण सांडला होता, बस.

तिने हात बाहेर काढला. एमसने ते बघितलं. तो तसाच चालत राहिला, आणि ते तिला जास्तच लागलं.

---

त्यानंतर तिने त्याचा फोन घेतला नाही. एक दिवस, दोन दिवस, मग आठवडा. एमस डागाळलेलं जाकीट घेऊन आला तेव्हा ती आत जाऊन बसली. मावशींनी ते घेतलं, तो गेला, आणि मावशी आत आल्या.

"काय गं, तोंड लपवायला तू काय केलंयस?"

टॅन्सीने सांगितलं. "मी त्याला पारखत होते, मावशी. आणि पिस्तुलावर हात माझा गेला."

"मग पुढे काय झालं?"

"पुढे काय… हात परत आला."

"आला ना?" मावशींनी जाकीट टेबलावर टाकलं. "मला तुझी काळजी आज नाही वाटत. काल वाटायची, आपल्या हातून असं होणारच नाही असं तू समजत होतीस तेव्हा. आता जरा माणसात आलीस. डाग काढ, पक्का बसेल नाहीतर."

त्या संध्याकाळी टॅन्सीने पिस्तूल कपाटात कुलूपबंद केलं आणि आरशासमोर उभी राहिली. हात छातीपाशी, तळवे उघडे, एक पाऊल मागे. पुन्हा. पुन्हा. "बरोबर आहे तुमचं, आम्ही निघतो." पहिल्या वीस वेळा तिचा आवाज भांडखोर निघाला. तिसऱ्या संध्याकाळी तो निवला, हातही आपोआप वर यायला लागले. आणि तेव्हा तिला जाणवलं की एमसने त्या दिवशी केलं ते किती अवघड होतं… आणि आपण त्याला तसं एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

---

गुरुवारी सकाळी एमस गावच्या शाळेच्या सभागृहात होता. सुट्टी असल्यामुळे शाळा रिकामी होती. शाळेच्या आवारात हत्यार न्यायचं नसतं, म्हणून टॅन्सी ते घरी ठेवून निघाली होती. चालताना उजवी बाजू हलकी हलकी लागत होती, पण पावलं कुठे अडखळली नाहीत.

तो पियानोत डोकं घालून उभा होता. तिची चाहूल लागली तसा सरळ झाला, आणि उघड्या झाकणाला डोकं आपटून घेतलं.

"जाकीट आणलंय," टॅन्सी म्हणाली. "डाग गेला."

"ठेव तिथे. थॅंक यू." तो परत तारांकडे वळला. मग न वळताच म्हणाला, "मला समजतं, टॅन्सी. बाईला वाटतं, आपल्यासाठी माणसाने निदान एक ठोसा तरी…"

"थांब," ती म्हणाली. "काय समजतं तुला?"

"मी भित्रा वाटलो असेन तुला. सगळ्या गावासमोर."

टॅन्सी बघतच राहिली. बारा दिवस ती लाजेने त्याला टाळत होती, आणि बारा दिवस हा माणूस इथे असं समजत होता! तिला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

"अरे वेड्या, मला माझी लाज वाटत होती. तू बघितलंस ना, माझा हात कुठे गेला होता?"

"बघितलं." तो वळला. "परत आलेलाही बघितला. माझा पहिल्या वर्षी दोनदा गेला होता. एकदा तर एका कुत्र्याला बघून. साखळीला बांधलेल्या."

"साखळीला?"

"लहानसंच होतं."

ती हसत सुटली. रिकाम्या सभागृहात तिचं हसणं लांबवर घुमलं. एमसची एक भुवई वर गेली, मग दुसरी.

"एमस टिलरी," डोळे पुसत टॅन्सी म्हणाली, "मी एकदाच सांगणार आहे, नीट ऐक. तू दोन पावलं मागे गेलास ना, तेव्हाच मी तुझ्या प्रेमात पडले. तुझ्याइतका धीराचा माणूस मी बघितला नाही. मला तू हवा आहेस. रोज."

एमसच्या हातातली तारा पिळायची किल्ली निसटली आणि तारांवर पडून भलताच सूर घुमला. त्याने तिकडे बघितलंही नाही.

"पुन्हा सांगशील?"

"एकदाच म्हणाले होते ना!"

"मी कानावर पोट भरणारा माणूस," तो तिच्याजवळ येत म्हणाला. येता येता त्याने हात पॅंटला पुसले. "कुठलाही सूर निदान दोनदा ऐकल्याशिवाय खरा मानत नाही."

मग टॅन्सीने त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि दुसऱ्यांदा सांगितलं.