दोन वाजताची नोंद

बसा नीट. आणि मध्येच "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. थापा मारायचं वय राहिलं नाही माझं. हे ज्याच्या बाबतीत घडलं तो ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, माझ्या धाकट्या भावाचा मेहुणा. अजून त्याच हॉस्पिटलात रात्रपाळी करतो, हवं तर विचारा जाऊन.

त्याच्या वॉर्डात मेंदूच्या आणि नसांच्या आजाराचे, शेवटाला आलेले पेशंट. त्यांच्याजवळ राहायचं आणि तासातासाला फाइलमध्ये लिहायचं: श्वास कसा आहे, दुखतंय का, काय हवंय. तिथे शाळेतल्या एक बाई होत्या. सगळं अंग लुळं, हलायचे ते फक्त डोळे. दोघांच्या चेहऱ्यांच्या मधे अक्षरांची पारदर्शक पाटी धरायची, बाई एकेका अक्षराकडे बघणार, हा लिहिणार. शेवटची इच्छा लिहायला पाऊण तास लागला. 'जाताना कोणीतरी शेजारी असू दे.' लिहून झाल्यावर हा म्हणाला, "मी आहे ना, बाई."

आता त्या वॉर्डातली एक खोड सांगतो. रात्र शांत दिसली की पुढच्या नोंदी आधीच लिहून टाकायच्या आणि जरा पाठ टेकायची. त्या रात्री यानेही बारालाच लिहून ठेवलं: 'दोन वाजता. शेजारी बसलो आहे. शांत.' तीनला उठून बघतो, तर बाई गेलेल्या. डोळे उघडे, दाराकडे लागलेले. खुर्ची भिंतीशी तशीच.

दोन महिन्यांनी, सतरा तारखेच्या मंगळवारी, संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. एकुलती एक, लांब राहणारी. "दादा, आईच्या फाइलची कॉपी पाठवाल? ती एकटी नव्हती एवढं वाचलं, की मला झोप लागेल."

रात्री वॉर्ड निजला, तसा हा तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये उतरला. फाइल लगेच मिळाली. पाटी आतच होती. स्वतःची नोंद वाचून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हणाला, जाऊ दे, कॉपी काढू आणि मोकळे होऊ...

मागे खुर्ची सरकली.

वळला. कोणी नाही. मघाशी कोपऱ्यात होती ती खुर्ची... आता त्याच्यासमोर.

घड्याळात दोन.

हात आपोआप उठला. पाटी तोंडासमोर धरली. याने श्वास रोखलेला... आणि पाटीवर वाफ धरली. पलीकडून.

विरली.

पुन्हा धरली...

तो बसला. हलला नाही. तीनपर्यंत.

सकाळी त्याने मुलीला फोन लावला. "ताई, फाइलमध्ये मी खोटं लिहिलंय. आई एकट्याच होत्या. मी झोपलो होतो."

पाटी त्याने घरी आणून ठेवलीय. साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, दोन्ही बाजूंनी. वाफेचा तेवढा गोल काही जात नाही. गेल्या महिन्यात मी स्वतः बोट लावून पाहिलं.

कोमट होता.