चौदाव्या मजल्यावरचा हुंकार

जगातली एकूण एक लोककथा फिरतफिरत शेवटी नायगावला येऊन मिळते, असं चिंतामणी परुळेकरांचं ठाम मत होतं. त्यांचा स्वतःचा जगाचा अनुभव मात्र पनवेलपर्यंतचा, आणि तोही एसटीत डोळा लागला म्हणून.

चाळ उभी होती तेव्हा दर रविवारी पाचला त्यांच्या गॅलरीत चाळीसेक पोरं दाटीवाटीनं बसायची. रशियातली चेटकीण तिथे नळावर भांडायची, आफ्रिकेतला कोळी पोलिसलाइनीत जाळं विणायचा. परुळेकर डोळे मिटून सांगायचे आणि पोरांनी ‘हं’ म्हणत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

आता चाळीच्या जागी टॉवर होता आणि गोष्ट चौदाव्या मजल्यावर, सोसायटीच्या हॉलमध्ये. सेक्रेटरी दौलत त्याच गॅलरीत वाढलेला. तो दारातच म्हणाला, “काका, झुंबावाल्या बायका मागे लागल्यात. आज पाच पोरं दिसली तर हॉल तुमचा. नाहीतर सॉरी हां.”

“पाचच? अरे, पूर्वी पाच नुसती उंबऱ्यात अडकायची.”

“ते पूर्वी, काका.”

हॉल गेला असता तर गोष्टी घरच्या भिंतींना सांगाव्या लागल्या असत्या. आणि भिंती कितीही गुणी असल्या तरी ‘हं’ म्हणत नाहीत.

तीन पोरं आली. पलीकडच्या काचेच्या भिंतीला टेकून बसली. परुळेकरांनी डोळे मिटले आणि जपानची गोष्ट काढली. शिवडीच्या चिखलात रुतलेला एक रोहित पक्षी कुणा गिरणी कामगारानं सोडवला. दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी. लग्न झालं. बाई दार लावून असं कापड विणायची की हिंदमाताचे दुकानदार जिन्यात रांग लावत. तिची अट एवढीच, मी विणताना बघायचं नाही.

“हं.”

परुळेकरांचा कान तयार होता. तीन हुंकार. थोड्या वेळानं पाच. उशिरा येणारी येतातच, त्यांना बरं वाटलं. मग दहा. मग मोजणं सुटलं. एसीच्या गारव्यात ओल्या लादीचा, रॉकेलचा, कुणाच्या तरी घरच्या सुक्या बांगड्याचा वास आला. एकजण चक्क घोरत होता. असतो असा एखादा.

“नवऱ्याला राहवेना. त्यानं फटीला डोळा लावला...”

“हं,” सगळे म्हणाले.

परुळेकरांनी डोळे उघडले.

हॉल रिकामा होता.

दौलत दाराची चौकट धरून उभा होता. “पोरं केव्हाच गेली, काका. नवव्या मजल्यावर केक कापतायत.”

“मग ‘हं’ कोण म्हणत होतं?”

“तेच ऐकत थांबलो.” त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. “ते घोरणं ऐकलंत? तो मी आहे. मी नेहमी झोपायचो.”

ते अजून चालूच होतं. संथ, लहान मुलाचं.

“हॉलचं काय मग?” परुळेकरांनी हळूच विचारलं.

“तुमचाच. कायमचा.”

काचेपलीकडे चौदा मजले नुसती हवा होती. तिथून कुणीतरी, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालताना पोरं बिचकतात तसं बिचकत म्हणालं,

“काका, जरा मोठ्यानं सांगा ना. मागे ऐकू येत नाही.”