एर्सीलियाचे अंदाज चुकू लागले

एर्सीलिया मुन्याई दारात दिसली आणि लेआर्कोने हातातला कॉफीचा कप बशीवर ठेवला. सव्वीस वर्षं गावच्या संग्रहालयात राखण करणारी ही बाई बुधवारी सकाळी, गणवेशाशिवाय, त्याच्या मेहुणीच्या घरी का आली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला गोत्यात आणणारं तोंड त्याचंच होतं.

लेआर्को पिएरी हा औषधांचं दुकान मुलाकडे सोपवून निवांत झालेला, सरळमार्गी विधुर. रविवारी संध्याकाळी तो फिरायला निघाला होता. संग्रहालय सातला बंद होतं, पण वरच्या दालनातला दिवा त्याने सात वीसपर्यंत जळताना पाहिला होता. मारेश्याल्लोने, म्हणजे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने, विचारल्यावर त्याने ते सांगून टाकलं. खरं बोलला बिचारा, पण तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

"बस," ओत्ताविया ब्रुनाच्ची म्हणाली. लेआर्कोच्या गेलेल्या बायकोची ही धाकटी बहीण. विमा कंपनीत तीस वर्षं तिने खोट्या आगी नि बनावट चोऱ्या उकरून काढल्या होत्या आणि आता दारावर खासगी तपासनीस म्हणून स्वतःची पाटी लावली होती. "भाऊजींकडे बघू नकोस. ते आधीच अर्धमेले झालेत. पहिल्यापासून सांग."

"उद्या संध्याकाळी सहाला मारेश्याल्लो मला न्यायला येणार आहेत," एर्सीलिया म्हणाली. "नोकरी गेलीच म्हणा. पण सगळं मोंतेल्चे गाव म्हणेल, मुन्याईची पोर चोर निघाली. तेही कुणाची चोरी, तर मादोन्नाची. माझी आई रोज तिच्यापुढे मेणबत्ती लावायची, ओत्ताविया."

हकीकत थोडक्यात अशी. वरच्या दालनात सातशे वर्षांपूर्वीची, हातभर उंचीची मादोन्ना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली त्याची आई होती, सोन्याच्या वर्खावर रंगवलेली लाकडी फळी. मंगळवारी सकाळी संचालक चेनचेत्ती दालनात शिरले आणि ओरडले की ही नक्कल आहे. सोमवारी संग्रहालयाला सुट्टी. दालनाच्या किल्ल्या दोन, एक एर्सीलियाकडे आणि दुसरी संचालकांकडे. संचालक तर रविवारी दुपारपासून सोमवारी रात्रीपर्यंत रोमला लेकीकडे होते. उरली कोण?

"रविवारी ती वीस मिनिटं काय करत होतीस?"

"प्रार्थना," एर्सीलिया म्हणाली आणि तिने उजवा कान चोळला.

"शाळेपासून खोटं बोलताना तू कान चोळतेस," ओत्ताविया शांतपणे म्हणाली. "असू दे. आत्ता नको सांगूस."

ती गेल्यावर लेआर्को कुजबुजला, "ओत्ताविया, तिनेच केलं असेल तर?"

"तर तुमची झोप तरी परत येईल. चला, उठा."

चौकातल्या ओरेस्तेच्या बारमध्ये कॉफीच्या यंत्राशेजारी चर्चचं कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर पेन्सिलीने वर्तुळं आणि फुल्या काढलेल्या होत्या.

"ती आमची पैज," ओरेस्ते कप पुसत म्हणाला. "रोज संध्याकाळी दालनाला कुलूप लावून एर्सीलिया इथे यायची आणि उद्या पाऊस की ऊन ते सांगायची. बरोबर आलं तर कॉफी माझ्याकडून, चुकलं तर तिच्याकडून. म्हणायची, मादोन्नाने सांगितलं. कसं सांगितलं विचारलं की ओठ मिटायची."

"काय बाई एकेक," लेआर्को हसला.

"हसू नका. मार्चपर्यंत बघा, वर्तुळंच वर्तुळं. मी तिच्या भरवशावर चादरी वाळत घालायचो. आणि ईस्टरपासून दोन महिने हे असं." ओरेस्तेने बोट फिरवलं. फुल्याच फुल्या होत्या. "रोज म्हणायची, उद्याही आजच्यासारखंच, आणि हवा तर यंदा रोज पालटत होती. मी चिडवायचो, बाई म्हातारी झालीस. हरली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पैज लावायची."

"ईस्टरच्या आधीचे दोन आठवडे कोरे का?"

"तेव्हा चर्चमध्ये मूर्ती, चित्रं सगळी झाकतात ना जांभळ्या कापडाने. संग्रहालयात गेली म्हणून काय झालं, मादोन्ना गावाचीच. तिलाही झाकतात. तेवढे दिवस एर्सीलिया अंदाज सांगत नाही."

ओत्तावियाने कॅलेंडर मागून घेतलं. पावसाच्या अंदाजाने चोर कसा सापडणार, हे लेआर्कोला कळेना. पण विचारलं तर टोमणा मिळणार हे कळत होतं, म्हणून तो गप्प राहिला.

चर्चमधून फादर सेत्तीमिओ काठी टेकत बाहेर आले. चेहऱ्यावर वैताग होता.

"दरवर्षी ते कापड मी बांधतो आणि ईस्टरच्या रात्री मीच सोडतो. यंदा कमरेचं हाड मोडून मी इस्पितळात. चेनचेत्ती म्हणाले, फादर, तुम्ही पडून राहा, मी बघतो. त्यांनीच बांधलं, त्यांनीच सोडलं. पण कापड अजून परत नाही. विचारलं तर म्हणतात, धुलाईला टाकलंय. दोन महिने धुतात की काय कापड?"

संग्रहालयात अर्धा तास जायची परवानगी मारेश्याल्लोने दिली होती. जुन्या चित्रांची डागडुजी करणारी नेरीना फाल्काई आधीच तिथे होती आणि भिंतीवरच्या नकली मादोन्नाला भिंग लावून बघत होती. मादोन्ना मान कलती करून बाळाकडे पाहत होती. लेआर्कोला तरी ती अगदी खरी वाटली.

"काम झकास आहे," नेरीना म्हणाली. "नवं सोनं तडकू नये म्हणून तीन पातळ फळ्या आडव्या-उभ्या चिकटवल्यात. शंभर वर्षं इकडची तिकडे होणार नाही. मूळची पोपलर झाडाच्या लाकडाची एकसंध फळी होती. मोठी लहरी बाई."

"तुम्ही ती शेवटची कधी पाहिलीत?"

"फेब्रुवारीत. मग मी अरेत्सोला कामावर होते. कालच आले."

संचालक उबाल्दो चेनचेत्ती आपल्या खोलीत बसले होते. माणूस नाकाने कांदे सोलणारा.

"पुढच्या आठवड्यात फिरेन्झेहून तज्ज्ञ तिला तपासायला येणार होते, मोठ्या प्रदर्शनासाठी. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

"म्हणजे आठवडाभरात खोटं उघडं पडलंच असतं," ओत्ताविया म्हणाली. "तुम्ही नक्कल कशी ओळखलीत?"

"दारातूनच. चाळीस वर्षं मी हे सोनं बघतोय, सिन्योरा."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी महापौरांबरोबर मी तिच्यासमोर दहा मिनिटं उभा होतो. तेव्हा ती खरी होती. शपथेवर सांगतो."

"लिहून द्याल?"

त्यांनी लगेच लिहून दिलं. लेआर्को मनात हिशेब करू लागला. शनिवारी खरी, मंगळवारी खोटी, आणि मधे फक्त एर्सीलिया. फास आणखी आवळला होता, आणि तो आवळायला मदत केली होती ओत्तावियानेच.

"भाऊजी, एक काम करा," बाहेर पडल्यावर ती म्हणाली. "गावात धुलाईचं दुकान एकच आहे. जांभळं कापड आलंय का विचारून या."

ते आलं नव्हतं.

गुरुवारी साडेपाचला सगळे वरच्या दालनात जमले. मारेश्याल्लोच्या हातात अटकेचा कागद होता. एर्सीलिया भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरेफटक. लेआर्कोला तिच्याकडे बघवेना. घड्याळाकडेही बघवेना.

"एर्सीलिया," ओत्ताविया म्हणाली, "आता सांग. कान न चोळता."

एर्सीलियाने दोन्ही हात पाठीमागे धरले. "चित्राला हात लावायचा नाही, हा नियम आहे. सव्वीस वर्षं मी कधी लावला नाही. बाजूने नुसतं बघायचे. हवा कोरडी असली की फळी चौकटीपासून सुटायची, कडेला फट पडायची. ओल आली की मिटायची. त्यावरून सांगायचे. ईस्टरनंतर ती फट हलेचना. वाटलं, माझे डोळे गेले. डोळे गेले तर राखणदार कशी राहणार मी? म्हणून रविवारी सगळे गेल्यावर पत्त्यांतलं एक पान घेतलं आणि कडेला घालून पाहिलं. वीस मिनिटं तेच केलं. नियम मोडला, म्हणून बोलले नाही."

नेरीनाने मान डोलावली. "बरोबर आहे. पोपलरची जुनी फळी कोरड्या हवेत पुढे फुगते, दमट हवेत बसते. लहरी म्हटलं ते यालाच. ही तीन फळ्यांची मात्र ढिम्म हलणार नाही. नकलेत एवढीच चूक झाली. जरा जास्तच चांगली केलीय."

ओत्तावियाने कॅलेंडर टेबलावर पसरलं. "या खुणा एर्सीलियाने नाही, ओरेस्तेने केल्यात. मार्चपर्यंत अंदाज बरोबर. मग दोन आठवडे कापड. कापड निघाल्यापासून सगळे चूक. मारेश्याल्लो, चोरी रविवारी झालेलीच नाही. दोन महिन्यांपूर्वी झाली, त्या कापडाआड. मग रविवारी कुणी रोमला लेकीकडे होतं याचा काय उपयोग?"

"पण ईस्टरलाही किल्ली हिच्याकडे होतीच," मारेश्याल्लो म्हणाले.

"होती. पण आपणच टांगलेल्या मेल्या फळीवर कुणी दोन महिने रोज पैज लावून हरेल का? जिला नक्कल ठाऊक असती, तिने अंदाज सांगणंच सोडलं असतं. एर्सीलिया फसली होती, म्हणूनच हरत होती." ती संचालकांकडे वळली. "ज्याला नक्कल दारातून ओळखू येते, तो तिच्यासमोर शनिवारी दहा मिनिटं उभा राहतो आणि ती खरी आहे असं लिहून देतो. संचालकसाहेब, ईस्टरपासून शनिवारपर्यंत तुमचे डोळे कुठे होते? तज्ज्ञ येणार कळल्यावर चोरी ताजी दाखवायची होती. त्यासाठी आधीचा दिवस खरा ठरवावा लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी."

चेनचेत्तींनी भिंतीवरच्या चित्राकडे पाठ केली.

"आणि धुलाईला टाकलेलं कापड धुलाईला गेलंच नाही. ते मादोन्नाभोवतीच आहे. ती इथून बाहेर नेली नसेल तुम्ही. हवा बदलली की तिचं सोनं तडकणार, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? गिऱ्हाईक येईपर्यंत ती इथल्याच हवेत राहायला हवी होती."

 मग संचालकांनी खिशातून एक छोटी किल्ली काढली आणि मारेश्याल्लोच्या हातात ठेवली. "माझ्या खोलीत. नकाशांच्या कपाटात, सगळ्यात खालचा खण," ते म्हणाले. "सांभाळून उचला."

नेरीनाने जांभळं कापड जपून सोडलं. तोच कलता चेहरा होता. पण लेआर्कोला, ज्याला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यालाही फरक दिसला. ही बाई जिवंत होती. एर्सीलिया हातरुमाल तोंडाशी धरून रडत होती आणि कुणी तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी मादोन्ना जागेवर बसली. जिन्यात लेआर्कोने एर्सीलियाला गाठलं. दोन दिवस घोकलेलं वाक्य ऐन वेळी आठवेना.

"एर्सीलिया, तो दिवा... मी मारेश्याल्लोला..."

"दिसलं ते सांगितलंस," ती म्हणाली. "माझ्यासाठी खोटं बोलला असतास तर जास्त वाईट वाटलं असतं." मग तिने वळून दालनाच्या उघड्या दारातून मादोन्नाच्या चौकटीच्या कडेकडे बाजूने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "उद्या छत्री घेऊन निघ."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. तरी शुक्रवारी सकाळी लेआर्को छत्री घेऊनच निघाला. चौक ओलांडून ओरेस्तेच्या बारपर्यंत पोचायच्या आत ती त्याला उघडावी लागली.