कासववळणाचे पाणी

बाईशा नदीवर अजून धुके होते आणि त्या धुक्यातून युनताई नगराचा जुना तट हळूहळू वर येत होता. कुण्या काळच्या सम्राटाच्या सुभेदाराने बांधलेला हा तट. त्याने बंडखोरांचे वेढे पाहिले, दुष्काळ पाहिले, जपानी विमानांचे बाँब पाहिले, आणि एवढे सोसूनही पूर्वेचा एक बुरूज तेवढा ढासळला, बाकी सारा तट शाबूत राहिला. तटाच्या आत, जिथे पूर्वी सुभेदाराची कचेरी भरत असे, तिथे आता विद्यापीठ होते. १९५२ च्या वसंतात त्या विद्यापीठाला वेढा पडला होता. त्यात ना तोफा होत्या, ना घोडदळ. वेढा घालणारे आतलेच होते आणि शरण आणायचे होते ते प्राध्यापकांना.

नव्या साम्यवादी राजवटीचे फर्मान सुटले होते की प्रत्येक प्राध्यापकाने भरसभेत उभे राहून आपल्या मनातला जुना मळ स्वतःच्या तोंडाने सांगावा. लोक या प्रकाराला ‘आंघोळ’ म्हणत. किरकोळ दोषाला लहान घंगाळ, म्हणजे आपल्या विभागापुरती सभा. त्याहून मोठ्याला मधले. आणि ज्याचा अपराध राजद्रोहाच्या जातीचा, त्याला मोठे घंगाळ, म्हणजे सारे विद्यापीठ समोर बसवून. त्यातच विभागांची फाळणी ठरली होती. जलशास्त्राचा विभाग उचलून दूरच्या नव्या संस्थेत जायचा होता. जो धुऊन निघेल त्याला तिथे अध्यासन, जो निघणार नाही त्याला तुरुंग किंवा मजुरांची छावणी. माणसाच्या आयुष्यभराच्या विद्येची अशी वासलात लावायला सभेचा एक दिवस पुरत असे.

त्या पहाटे तटाखालच्या वाटेने मियाओ शूलान झपाझप चालली होती. ती जलशास्त्राची अधिव्याख्याती; पस्तिशीची, अंगाने किरकोळ, नदीवर उन्हात काम करून रापलेली. या सभा भरवणाऱ्या समितीचे चिटणीस हाओ जनबांग यांनी तिला सकाळीच बोलावले होते, आणि हाओंचे बोलावणे आले की भल्याभल्यांची पाचावर धारण बसत असे.

हाओंनी तिला बसायला सांगितले, स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. शूलानला त्या चहाचीच अधिक भीती वाटली.

“मियाओबाई, उद्या आचार्य केंग मोठ्या घंगाळात उतरणार आहेत,” हाओ म्हणाले. “१९४७ साली कासववळणाच्या नदीपात्राची सगळी मोजमापे त्यांनी अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आणली. कुठे पाणी खोल, कुठे उथळ, कुठून लढाऊ नाव आत शिरेल, सगळे शत्रूच्या हाती दिले. आपण त्यांच्या सहायक होता. उद्या पहिला आरोप आपण करावा, अशी समितीची इच्छा आहे.”

“आणि मी केला नाही तर?”

“तर घंगाळ मोठे आहे, दोघे मावतील.” हाओ हसले नाहीत. “केलात, तर नव्या संस्थेतले अध्यासन रिकामेच आहे. आपली योग्यता आम्ही जाणतो.”

शूलानच्या पायाखालची जमीन सरकली ती शिक्षेच्या धाकाने नव्हे. तो लेख केंग बोआन यांनी लिहिलाच नव्हता. लिहिला होता तिने.

युद्ध संपले तेव्हा आचार्य केंग क्षयाने अंथरुणाला खिळले होते आणि शूलान एकटी नावाड्याला घेऊन कासववळणावर शिशाचा ओळंबा सोडून पाणी मोजत होती. ऋतू गेले, हात फाटले, एकदा नाव उलटली, पण नदीचा तळ तिने असा मोजला की तसा आधी कुणी मोजला नव्हता. मग लेख लिहिला आणि वर केवळ गुरूचे नाव घातले. त्या काळचा शिरस्ताच होता. शिष्याने आपले पहिले मोठे काम गुरूच्या चरणी वाहायचे, आणि विचारून वाहिले तर ते वाहणे कसले, म्हणून न विचारता वाहायचे. लेख छापून आला तेव्हा केंग संतापले होते. बरे होताच त्यांनी तिला नावेत बसवले, वळणावर जाऊन स्वतः ओळंबा सोडला, तिचा प्रत्येक आकडा ताडून पाहिला, आणि सगळे जुळल्यावर मगच त्यांचा राग शांत झाला. पण छापलेले नाव मागे कसे घेणार? तिच्या भक्तीने वाहिलेले ते फूल आता म्हाताऱ्याच्या गळ्याचा फास झाले होते.

दुपारी ती केंगांच्या खोलीवर गेली. खोलीत पलंग, पुस्तके आणि खिडकीपाशी एक लिंबाचे रोप. केंग तिची वाटच पाहत होते.

“गुरुजी, मी उद्या खरे सांगणार. लेख माझा आहे.”

“म्हणजे समितीला एकाऐवजी दोन हेर मिळतील,” केंग शांतपणे म्हणाले. “नाव माझे, आकडे तुझे. मला सोडणार नाहीत आणि तुला धरतील. हा कुठला हिशेब? बस. तुझे भाषण लिहून आणलेस का?”

“मी तुमच्यावर आरोप लिहून आणीन असे वाटले तरी कसे तुम्हाला?”

“मग आता लिही. मी सांगतो.”

आणि जगाच्या पाठीवर क्वचितच घडले असेल असे काही त्या खोलीत घडले. गुरूने शिष्येला आपल्याविरुद्धचे आरोपपत्र सांगितले, तिने ते डोळे पुसत लिहून घेतले, आणि मग गुरूने हातात पेन घेऊन ते प्रबंध तपासावा तसे तपासले. “इथे ‘देशद्रोह’ म्हटलेस, पण पुरावा पुढच्या परिच्छेदात आहे. आधी पुरावा, मग निष्कर्ष. किती वेळा सांगायचे?” शूलानला हसू आले आणि रडूही आले. म्हाताऱ्याला अशा वेळीही मांडणीतला ढिसाळपणा खपत नव्हता, याचा तिला राग आला आणि त्याच्यावर जीव ओवाळून टाकावासाही वाटला.

“तू तरुण आहेस,” निघताना ते म्हणाले. “तुला शिकवायचे आहे. माझे शिकवून झाले.”

हे मात्र खोटे होते. शिकवणे थांबले तर हा माणूस महिनाभर जगायचा नाही, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह माणसांनी फुलून गेले. व्यासपीठावर हाओ आणि समिती दरबार मांडून बसली होती. आचार्य केंग समोर एकटे उभे, निळ्या सुती अंगरख्यात, हात बाजूला सोडलेले. कालपर्यंत ज्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला ते सहकारी आज छताकडे पाहत होते. त्यांना दोष तरी काय द्यायचा? प्रत्येकाचा नंबर लागायचाच होता.

“मियाओ शूलान!” हाओंनी पुकारा केला.

ती पुढे आली. केंगांनी तपासलेले भाषण तिने उघडले, क्षणभर पाहिले, आणि घडी करून खिशात ठेवले. केंगांचा चेहरा पडला. त्यांना वाटले, पोरीने अखेर आपलेच खरे केले.

“सभासदहो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचला, “कासववळणाचा तो लेख आचार्य केंग यांनी लिहिला नाही. ते तेव्हा अंथरुणात रक्त ओकत होते. लेख मी लिहिला आणि त्यांना न विचारता त्यांचे नाव घातले. का घातले, तेही ऐका. कारण त्यातला एकही आकडा खरा नाही.”

सभागृहात कुजबुज उठली.

“मी वळणावर गेलेच नाही. नाव मोडकी होती, थंडी होती, मला आळस होता आणि नाव कमावण्याची घाई होती. मी खोलीत शेगडीपाशी बसून नदी कागदावर रचली. पकडली गेले तर बोट गुरूंकडे जावे म्हणून वर त्यांचे नाव घातले. मी शत्रूला काही दिले नाही, कारण द्यायला माझ्यापाशी काही नव्हतेच. मी गुरूला फसवले आणि विद्येला फसवले. हाच माझा मळ.”

फाटलेल्या हातांवर, उलटलेल्या नावेवर, ऋतूमागून ऋतू नदीत काढलेल्या दिवसांवर तिने असे सर्वांसमक्ष पाणी सोडले. तिच्या आयुष्यात खरी म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि तीच तिने खोटी ठरवली. राज्यासाठी शीर देणाऱ्यांच्या कथा आपण ऐकतो. स्वतःचे सत्य देणारे विरळा, आणि त्यांच्या नावाने कुणी दगडही उभारत नाही.

हाओ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते तिच्याकडे पाहिनासे झाले आणि केंगांकडे वळले.

“आचार्य, आपण नद्या मोजण्यात हयात घालवली. आपण सांगा. हे आकडे खोटे आहेत की खरे?”

खरे आहेत म्हणावे, तर हेरगिरी शाबीत, आणि दोघांचा निकाल लागला. खोटे आहेत म्हणावे, तर ज्या शिष्येचा प्रत्येक आकडा त्यांनी स्वतः ओळंब्याने पडताळला तिला त्यांनीच सर्वांदेखत लबाड ठरवायचे. या म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात पाण्याची खोली बोटभरही चुकीची सांगितली नव्हती. शूलान त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. म्हणा गुरुजी, म्हणा एकदा, असे तिचे डोळे विनवत होते.

केंगांनी घसा खाकरला.

“खोटे आहेत,” ते म्हणाले.

कुठूनसा मागच्या बाकांवरून एक आवाज आला, “म्हणजे अमेरिकनांना खोटी नदी विकली म्हणा की!” कुणीतरी हसले. मग आणखी कुणी. इतक्या दिवसांच्या भीतीने दडपलेले ते सभागृह बघता बघता खदखदून हसू लागले. समितीतल्या दोघांनीही तोंडावर हात धरला. हाओंनी दातओठ खाल्ले, टेबलावर थाप मारली, पण हसणाऱ्या सभेकडे राजद्रोहाचा निकाल मागता येत नाही, एवढे त्यांना कळत होते. वेढा तिथेच उठला.

केंग धुऊन निघाले. नव्या संस्थेतले अध्यासन त्यांनाच मिळाले. लबाडीबद्दल मियाओ शूलानला विद्यापीठातून काढून नदीच्या वरच्या अंगाला एका तालुक्याच्या शाळेत अंकगणित शिकवायला धाडले. जाताना तिला निरोप द्यायला कुणी आले नाही, आणि केंगांनी येऊ नये असे तिनेच त्यांना बजावले होते.

दोन वर्षांनी बाईशा नदीला महापूर आला. कासववळणाचा बांध खचू लागला, आणि त्यामागे गावेच्या गावे होती. अभियंत्यांनी दगडांच्या नावा सज्ज केल्या, पण पात्राचा तळ कुठे खोल आहे ते कुणाला माहीत नव्हते आणि त्या प्रवाहात मोजायला उतरणे म्हणजे मरण. त्यांनी नव्या संस्थेतून आचार्य केंग यांना आणवले. केंग पावसात बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, “दगड इथे टाकू नका, वाहून जातील. काठाखाली मोठा डोह आहे. खालच्या अंगाला, त्या वडापाशी टाका.”

“आचार्य, हे आपण कशावरून म्हणता?”

“४७ च्या लेखावरून.”

“पण ते आकडे तर खोटे आहेत! आपणच सभेत सांगितलेत.”

“मी सभेत खोटे बोललो,” केंग म्हणाले. “ते आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा मी स्वतः ताडला आहे. वेळ घालवू नका, टाका दगड.”

दगड वडापाशी पडले. बांध राहिला आणि गावे राहिली. आता ज्याने समितीसमोर खोटे बोलल्याची कबुली दिली त्याला शासन करावे किंवा दोघांवरचे हेरगिरीचे जुने प्रकरण उकरावे, तर त्याच आकड्यांनी वाचवलेल्या गावांचे काय सांगायचे, असा पेच पडला. तेव्हा वरिष्ठांनी गाजावाजा न करता केंगांचे अध्यासन काढून घेतले आणि त्यांना तालुक्याच्या एका शाळेवर भूगोल शिकवायला पाठवले. कुठल्या शाळेवर जाणार, एवढे विचारण्याची मेहेरबानी झाली, आणि त्यांनी शाळेचे नाव सांगितले.

शूलान फळ्यावर त्रैराशिक मांडत होती. दारात वळकटी खांद्यावर घेतलेले केंग पाहून तिच्या हातून खडू निसटला. ती ओसरीवर आली, आणि आधी तिला संतापच आला.

“गुरुजी, हे काय करून बसलात? मी माझे सगळे दिले ते तुमचे अध्यासन राहावे म्हणून!”

“ठाऊक आहे,” केंग म्हणाले. वळकटी त्यांनी भिंतीशी टेकवली. ते दमले होते आणि त्यांना बसायचे होते, पण ते उभेच राहिले. “पण शूलान, तुझे आकडे खरे आहेत, हे मला एकदा चारचौघांत मोठ्याने म्हणायचे होते.”