तिरपी मासोळी

व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर टाकून लुंबिनी लातूरच्या जुन्या कारंज्यापाशी आली, तर कोरड्या हौदात कुणीतरी पाठमोरं मांडी घालून बसलेलं. हातात दात घासायचा ब्रश आणि पुढ्यात दगडाची मासोळी!

"ओ भाऊ, मासोळीचे दात घासून राहिलात का?"

"हाव," मागं न बघताच तो म्हणाला, "नऊ वर्षं कुणी घासले न्हाईत बिचारीचे..."

तो आवाज ऐकला आणि चावी खणकन फरशीवर पडली. विनोद! त्यानंही वळून पाहिलं. केसांत दगडाची भुकटी, गालावर हिरवं शेवाळ, आणि हसू मात्र तेच, कॉलेजातलं.

"जय भीम, मॅडम," तो गडबडीनं उठला. "पाणीपुरवठ्याकडून इंजिनिअर येणार म्हणले होते. ती तू हायस व्हय?"

"मीच. का, चालणार न्हाई?" तिनं फणकाऱ्यानं चावी उचलली. रागावायचं तिनं नऊ वर्षांपूर्वीच ठरवलं होतं, पण असा समोर आल्यावर राग सापडेना, त्याला काय करणार!

विनोद मूळचा नांदेडचा. कॉलेजसाठी लातूरला मामाकडं राहिला. मामाचं मार्केट यार्डासमोर फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. रेणापूरहून लुंबिनी वडिलांचा, म्हणजे आबांचा, पंप घेऊन तिथं यायची. पंप बिघडायचा वर्षातून एकदा, आणि ही यायची महिन्यातून चारदा. मामा मिशीतल्या मिशीत हसायचा. मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात विनोदनं एक दिवस मेसेज करून तिला बोलावलं. ती आईची मोरपंखी साडी नेसून गेली, दीड तास थांबली... आणि हा पठ्ठ्या आलाच नाही. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. चार दिवसांत तो दगडकाम शिकायला निघून गेला. दोघंही अशी अडून बसली की नऊ वर्षं सरली.

आता रविवारी धर्माबादचे पाहुणे तिला बघायला येणार होते. 'आज संध्याकाळपर्यंत काय ते सांग बाई, मला त्यांना कळवायचंय,' असं आईनं सकाळीच निक्षून सांगितलं होतं. आजच नेमका हा उगवला!

"चाचणी पाचला," ती कोरडेपणानं म्हणाली. "तुझं झालं का?"

"ही एक राहिली. तिरपी. ये, बघ तरी."

नको नको म्हणत ती हौदात उतरली. चार मासोळ्या चार दिशांना, तिघींची तोंडं नीट समोर, चौथीचं मात्र वाकडं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं ते का. कुण्या काळी पाथरवट ही चौथी घडवत असताना समोरच्या विहिरीवर मल्लम्मा नावाची पोर पाण्याला आली, त्याची नजर तिच्याकडं वळली आणि छिन्नी सटकली. तेव्हापासून, तिरपीचं पाणी ज्या पोरीच्या अंगावर उडेल तिचं वर्षाच्या आत लगीन, असं आयाबाया सांगायच्या.

"सटकली-बिटकली काही न्हाई," विनोदनं तिचं बोट धरून दगडावरून फिरवलं. "हे बघ, आतून किती गुळगुळीत हाय. चुकलेला घाव कुणी इतका घासत बसत न्हाई. त्यानं मुद्दामच तिचं तोंड विहिरीकडं केलंय. बोलता आलं नसंल बिचाऱ्याला..."

बोट त्याच्या हातातच राहिलं. ध्यानात आलं तसं तिनं ते ओढून घेतलं आणि त्याच झटक्यात राग एकदाचा सापडला.

"त्याला बोलता आलं न्हाई, आणि तुला साधं यायला झालं न्हाई! दीड तास थांबले होते मी. मामींनी दोनदा चहा पाजला, लाजेनं मेले—"

"मामींनी?" विनोद दचकला. "म्हंजे तू दुकानात थांबलीस?"

"मग कुठं? उद्या पाचला फवाऱ्यावर ये, एक बोलायचंय, हेच लिहिलं होतंस ना?"

विनोदनं कपाळावर हात मारला. "आगं माय माझे! फवारा म्हंजे हा! हा फवारा! आमच्या नांदेडात कारंज्याला फवाराच म्हणत्यात! आठ वाजेस्तोवर बसलो होतो इथं, ह्याच मासोळीखाली."

"आणि आमच्या रेणापुरात फवारा म्हणजे फवारणीचा पंप, आणि फवाऱ्यावर म्हणजे मामाच्या दुकानात! आबा दरवेळी म्हणायचे, फवाऱ्यावर जाऊन ये..." ती एकदम त्याच्याकडं वळली. "मामांनी सांगितलं न्हाई, मी आले होते ते?"

"सांगितलं की. रेणापूरची पोरगी पंप न्यायला आली होती म्हणले. मी म्हणलं, वा! माझ्यासाठी यायला वेळ न्हाई, पंपासाठी हाय!"

 मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि हसता हसता डोळे कधी भरले तेही कळलं नाही. नऊ वर्षं गेली, ती एका पंपापायी!

"अरे, पण मला काय ठाऊक..."

"प्रेमाचं बोलायला मी तुला औषध मारायच्या पंपापाशी बोलावीन व्हय गं?"

"कशाचं बोलायला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "घड्याळ बघ," तो पुटपुटला, "पाच वाजले..."

लुंबिनीनं डोळे पुसले, बाहेर जाऊन चावी लावली आणि जोर काढून फिरवली. आधी नळातून नुसता सुस्कारा आला, मग गढूळ पिचकारी, मग स्वच्छ पाणी. तीन धारा सरळ उडाल्या. चौथी खोकली, थांबली.

ती येऊन हौदाच्या काठावर उभी राहिली.

"सरक, लुंबिनी! तिरपीचं पाणी तिथंच पडतं!"

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

धार आली ती थेट तिच्या खांद्यावर. विनोद हौदाबाहेर आला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला, तोही चिंब. ओल्या हातानं तिनं पर्समधून फोन काढला.

"आई, धर्माबादच्यांना नको म्हणून कळव... न्हाई गं, रुसले-बिसले न्हाई. कारंजं सुरू केलं ना आज, माझ्या अंगावर पाणी उडालं."

पलीकडं आईनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोणच्या मासोळीचं?"

"तिरपीचं."

"उडालं, का तू जाऊन उभी राहिलीस?"

लुंबिनीनं विनोदकडं पाहिलं. "उभी राहिले, आई."