चार नंबरला हात सरळ होतो

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नाही. कुणाच्या मित्राच्या मित्राची तर मुळीच नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची आणि माझी आहे.

आधीच सांगून ठेवतो, यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. सगळं दिवसाउजेडी घडलं. सुरुवात झाली मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, तीन वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण ती आमच्या कॅमेऱ्यावर छापून येते.

ताई गोल्फ शिकवते. गोल्फ म्हटलं की लोकांना लांबच लांब हिरवळ आठवते. आमच्याकडे हिरवं म्हणजे फक्त पायाखालची मॅट. एका जुन्या गोदामात आमचा सरावाचा हॉल आहे. सहा कप्पे, प्रत्येकात एक मॅट, समोर जाळी आणि बाजूला कॅमेरा. ताई शिकवते, मी कॅमेरे सांभाळतो. शिकणाऱ्याला त्याचा स्विंग पडद्यावर हळू करून दाखवायचा, हे माझं काम. मोबाईलवर स्वतःला बघून खूश होणारी माणसं आमच्या पडद्यासमोर रडकुंडीला येतात.

त्यातलेच एक दातवाले काका.

काका दातांचे डॉक्टर, निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं कोपर दुमडून लोकांच्या तोंडात डोकावले. आता ते कोपर सरळ व्हायला तयार नव्हतं.

गोल्फमध्ये हात लांब राहावे लागतात. स्टिक मागे नेताना, खाली आणताना, आणि मुख्य म्हणजे बॉल गेल्यानंतरसुद्धा. सगळे तिथेच माती खातात. बॉल गेला की डावं कोपर घडी घालून बरगडीला चिकटतं. फडफडणाऱ्या पंखासारखं दिसतं ते, म्हणून ताई त्याला कोंबडी म्हणते.

"काका, आली बघा कोंबडी!"

"येऊ दे. अंडं तरी देईल."

दोन वर्षं हेच चाललं होतं. आठवड्यातून दोनदा यायचे, चार नंबरच्या कप्प्यात. त्यांना दुसरा कप्पा चालायचा नाही.

ताईकडे या खोडीवर एक उपाय आहे. ती त्याला 'ओढ' म्हणते. बॉल ठेवायचा नाही. शिकणाऱ्याने स्टिक अगदी सावकाश फिरवायची. ती पुढे कमरेपर्यंत आली की समोर उभ्या असलेल्या ताईने स्टिकचं टोक धरायचं आणि हलकेच ओढायचं. दोन्ही हात आपोआप लांब होतात. तीन आकडे मोजायचे. मग ताई म्हणणार, "सोडते." आणि मगच सोडणार.

हा तिचा कडक नियम होता. कारण समोरचा माणूस त्या ओढीच्या भरवशावर मागे रेललेला असतो.

त्या मंगळवारी चौथ्या ओढीला काकांचा हात सरळ झाला.

पूर्ण सरळ. मनगटापासून खांद्यापर्यंत.

काका लहान मुलासारखे हसले. "झाला! अहो, झाला!"

तेवढ्यात ताईच्या खिशातला फोन थरथरला. तिचा हात खिशाकडे गेला...

'सोडते' म्हणायचं राहिलं.

काका मागच्या मागे गेले. मॅटच्या मागे बॉल देणारं लोखंडी मशीन होतं. त्याच्या कडेवर डोकं आपटलं. मी पलीकडच्या खोलीतून धावत आलो तेव्हा ताई जमिनीवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन होती.

नऊ दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. दहाव्या दिवशी गेले. शुद्ध आलीच नाही.

ताईने सगळ्यांना सांगितलं, "त्यांना चक्कर आली." काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. कुणी शंका घेतली नाही. काकूंनीही नाही. उलट त्याच ताईला म्हणत होत्या, "तू जवळ होतीस म्हणून बरं."

मला खरं माहीत होतं. कारण त्याच संध्याकाळी मी तो व्हिडिओ पाहिला होता. एकोणीस सेकंदांचा. त्यात सगळं स्पष्ट दिसत होतं.

मी तो पुसला.

नुसता पुसला नाही, परत मिळणार नाही असा पुसला. ताईने मला पुसायला सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही. बहिणीसाठी केलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली होती. हे बाहेर आलं असतं तर ताईच्या हाताखाली पुन्हा कुणी उभं राहिलं नसतं, आणि दुसरं कुठलंही काम आम्हा दोघांना येत नाही.

तीन आठवडे चार नंबर बंद ठेवला. मशीन तिथून हलवलं. मग एप्रिलमध्ये गर्दी वाढली आणि तो कप्पा उघडावा लागला.

पहिल्याच दिवशी तिथे एक बँकेतल्या बाई उभ्या राहिल्या. कोंबडीच्या बाबतीत त्या काकांच्या थोरल्या बहीण शोभल्या असत्या. वर्षभर ताईने त्यांच्यापुढे हात टेकले होते.

त्यांनी बॉल मारला.

हात सरळ. दोन्ही. शेवटपर्यंत.

ताई टाळ्या वाजवायला लागली. बाई म्हणाल्या, "अहो, काय माहीत... आज कुणीतरी पुढून धरल्यासारखं वाटलं. बरं वाटलं."

ताईच्या टाळ्या थांबल्या.

मी खोलीत जाऊन तो स्विंग पडद्यावर लावला. आमचा कॅमेरा एका सेकंदात दोनशे चाळीस चित्रं घेतो. स्टिक खाली आली. बॉल गेला. स्टिक पुढे कमरेपर्यंत आली...

आणि थांबली.

एक चित्र. दोन चित्रं. वीस. चाळीस. स्टिक जागची हलली नाही. मग पुढे गेली.

इतक्या वेगाने फिरणारी स्टिक मध्येच थांबत नाही, थांबूच शकत नाही. मला वाटलं, कॅमेरा बिघडला. पाच नंबरचा कॅमेरा काढून तिथे लावला.

दुसऱ्या दिवशी ती सत्तर चित्रं थांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशी शंभरावर.

फक्त चार नंबरला.

आवाजही बदलला होता. एरवी कसं असतं... सुईई, ठक, मग बॉल जाळीत धप्प, आणि स्टिक खांद्यामागे जाताना पुन्हा सुईई. चार नंबरला शेवटची सुईई यायचीच नाही. धप्प झालं की सगळं गप्प. मी खोलीत पाठमोरा बसलेलो असायचो, तरी त्या शांततेवरून कळायचं की कुणीतरी चार नंबरला मारलं.

शिकणारे मात्र खूश! चार नंबरला हात सरळ होतो, अशी ख्याती झाली. तो मिळावा म्हणून लोक अर्धा तास थांबायला लागले. ताई मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती. जेवताना घास हातात घेऊन बसायची. मी विचारलं की म्हणायची, "काही नाही रे. उन्हाळा बाधतोय."

एका दुपारी हॉल रिकामा होता. ऊन वाढल्यापासून दोन ते चार कुणी येत नव्हतं. ताई माझ्या खोलीत आली.

"तू व्हिडिओ बघतोस ना चार नंबरचे?"

"बघतो."

"मग बोलत का नाहीस?"

"तू तरी कुठे बोलतेस?"

ती चार नंबरकडे गेली. मी मागोमाग गेलो. वरच्या खिडकीतून मॅटवर ऊन पडलं होतं. मोठा पंखा फिरत होता आणि त्याच्या वाऱ्यावर जाळी हलत होती.

ताईने स्टिक उचलली. बॉल ठेवला नाही. सावकाश मागे नेली. सावकाश खाली आणली. पुढे कमरेपर्यंत...

जाळी हलायची थांबली.

पंखा चालू होता. वारा माझ्या मानेला लागत होता. जाळी मात्र हलत नव्हती.

ताईचे दोन्ही हात लांब झाले. आणखी लांब. शर्टाच्या बाह्या मनगटावरून मागे सरकल्या. तिच्या टाचा उचलल्या गेल्या. कुणीतरी ओढत होतं. जोर लावून नाही हो, सांभाळून. शिकवताना ती स्वतः ओढायची, अगदी तसं.

"ताई, सोड ती स्टिक!" मी ओरडलो.

तिने बोटं उघडली. दोन्ही हात मागे घेतले.

स्टिक पडली नाही.

तिथेच होती. हवेत, आडवी, जरासुद्धा न हलता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुम्ही विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, मला आता कुणाला पटवायची हौस राहिलेली नाही.

ताई मागे हटली नाही. त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, "काका, मी न सांगता सोडलं. तुम्हाला चक्कर आली नव्हती. मी खोटं बोलले."

स्टिक मॅटवर पडली. साध्या स्टिकसारखी, खडखडत.

जाळी पुन्हा हलायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काकूंकडे गेलो. मी नको म्हणत होतो. "झालं ते झालं, आता उकरून काय मिळणार," वगैरे सगळं बोललो. ताईने ऐकलं नाही. चपला घालून दारात उभी राहिली, म्हणाली, "तू येऊ नकोस हवं तर." मग गेलोच.

काकूंनी आम्हाला बघून आधी पाणी आणलं. टेबलावर काकांचा चष्मा होता, दात बघायला लावायचे तो, भिंगांचा. ताईने सगळं सांगितलं. फोन, हात, राहून गेलेला शब्द. काहीही लपवलं नाही, स्वतःला पाठीशी घातलं नाही. सांगताना रडली नाही, सांगून झाल्यावर रडली.

काकू बोटाने टेबलावरचं पाणी पुसत होत्या.

"राग येतोय मला," त्या म्हणाल्या. "येणारच ना गं. एवढे दिवस तू मला चक्कर सांगितलीस. पण तक्रार करून मी आता काय करू? तू आलीस, सांगितलंस. हे बरं केलंस."

मग म्हणाल्या, "त्या दिवशी निघताना मला म्हणाले होते, आज हात सरळ करूनच येतो. झाला होता का गं?"

"झाला होता, काकू. पूर्ण सरळ. केवढे हसले!"

काकूंचा चेहरा बदलला. दोन महिन्यांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुमच्याकडे सगळ्याचा व्हिडिओ असतो ना रे? मला पडलेलं नाही बघायचं. त्याच्या आधीचं तेवढं दाखव. ते हसलेले. माझ्याकडे त्यांचे फोटो आहेत सगळे, पण एकातही हसत नाहीत. दातांचा डॉक्टर, आणि फोटोत तोंड मिटून!"

ताईसुद्धा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत साधा विश्वास होता, याच्याकडे असणारच.

माझ्या तोंडून निघालं, "शोधतो, काकू."

तिथेच बोलायला हवं होतं. ताई बाजूला बसली होती, आधीच सगळं सांगून मोकळी झालेली. तिच्याइतकी हिंमत मला झाली नाही.

त्या दिवसापासून ताईची स्टिक चार नंबरला मोकळी फिरते. सगळ्यांचीच फिरते. बँकेतल्या बाईंची कोंबडी परत आली. लोक म्हणतात, त्या कप्प्यात आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही.

माझे हात मात्र थांबतात.

मी खेळणारा माणूस नाही. पण एकदा स्टिका आवरताना सहज एक फिरवली. कमरेपर्यंत आली आणि... धरली गेली. हात लांब झाले. दुखत नाही, हे सांगितलं पाहिजे. दुखलं असतं तर बरं झालं असतं. इतकं जपून धरतात की जिवाचं पाणी पाणी होतं. मी बोटं उघडली आणि पळालो. मागे वळून बघितलं नाही. पडल्याचा आवाज मात्र आला नाही.

ताईला अजून काही बोललो नाही. ती दोनदा म्हणाली, "अरे, दे ना तो व्हिडिओ काकूंना." मी म्हणालो, जुना संगणक आहे, वेळ लागतो.

काकू दर गुरुवारी फोन करतात. कधी चिडत नाहीत. "सापडला का रे? नाही? असू दे, घाई नाही. मी आहे."

आज सकाळी हॉल उघडायच्या आधी बसून हे सगळं लिहून काढलं. काही लपवलं नाही. वाटलं, आता सुटेन. इतक्या लोकांसमोर कबूल करतोय, आणखी काय करायचं राहिलं? लिहून झाल्यावर उठलो आणि चार नंबरला गेलो. स्टिक घेतली. सावकाश मागे. सावकाश खाली. पुढे कमरेपर्यंत...

जाळी हलायची थांबली.

मी मोठ्याने म्हणालो, "काका, सांगितलं मी. सगळ्यांना सांगितलं."

ओढ तशीच राहिली.

आज बुधवार आहे. उद्या काकूंचा फोन येईल.