त्र्याहत्तर सेंटिमीटर

"अहो, सोडताय काय तिला! गाभोळी आहे तिच्या पोटात!"

हे मी ओरडले. जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या बाहेर, एका तळ्याच्या काठावर, ऑक्टोबरातल्या रविवारी, पूर्णपणे अनोळखी माणसावर. आणि तेही मराठीत!

पण दोष माझा एकटीचा नव्हता. कंबरभर पाण्यात उभा राहून तो चक्क मराठीत एका माशाशी बोलत होता. "चल गं बाई, दम घे जरा... हं, अशी." मुरुडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीनं हे गप्प राहून बघायचं म्हणजे जरा जास्तच झालं. आणि काय मासळी होती ती! हिरवट सोनेरी पाठ, काचेसारखे मोठाले डोळे, पाठीवर काट्यांचा उभारलेला पंखा... आणि पोट असं टच्च भरलेलं, की आमच्या बाजारात तिच्यावरून भांडणं झाली असती.

तिनं शेपटीचा एक फटकारा दिला, त्याच्या तोंडावर पाणी उडवलं आणि दिसेनाशी झाली. तो तसाच निथळत्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळला आणि हसला. मला तो तिथल्या तिथे आवडला, लपवायचं कशाला?

"गाभोळी म्हणजे?" त्यानं विचारलं.

मी कपाळावर हात मारून घेतला. "माशाची अंडी हो!"

त्याचं नाव सत्यजित. साताऱ्याचा, मेकॅनिकल इंजिनियर. घरी अंडंसुद्धा शिजत नाही, आणि हा पठ्ठ्या जर्मनीत येऊन मासेमारीची परीक्षा पास झालेला. इथे गळ टाकायलाही परीक्षा लागते! शिवाय तो मच्छीमारांच्या क्लबात प्रोबेयारवर होता, म्हणजे वर्षभर उमेदवारी. वर्ष धड गेलं तर कायमचा सभासद.

"ही त्सांडर," तो काठावर येत म्हणाला. "आमच्या तळ्याचा नियम आहे. पंचेचाळीस ते सत्तर सेंटिमीटरमधली घरी न्यायची. त्याला सगळे गमतीनं क्युशेनफेन्स्टर म्हणतात, स्वयंपाकघराची खिडकी. त्याहून लहान ती पोरं आणि त्याहून मोठ्या त्या आया. आया परत पाण्यात."

"आणि ही केवढी होती?"

"शहाऐंशी." शहाऐंशी म्हणताना त्याचे डोळे असे चमकले, की मला त्या मासळीचा हेवाच वाटला.

"आणि ज्या घरी नेता, त्यांचं काय करता?"

"ओव्हनमध्ये... लिंबू घालून," तो चाचरला.

"अरेरे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी माझ्याकडे घेऊन या. मी वल्लरी. सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण मासे मात्र नीट करते."

तो आला. पंचावन्न सेंटिमीटरची एक घेऊन, भिजल्या जॅकेटमध्ये, दारात अवघडून उभा राहिला. मी खवले काढले, पोट चिरलं, पाठीच्या कण्यालगत सुरी फिरवली, आणि तो बोलायचाच थांबला.

"काय झालं?"

"काही नाही... तुमचे हात बघतोय."

सुरी हातात असताना असं कुणी बोलतं का? मी लाजले आणि भलतीकडेच काप घातला. आलं-लसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तुकड्या तव्यावर टाकल्या, तेव्हा तो खिडकी उघडायला धावला, शेजारीण तक्रार करेल म्हणून. मग मात्र त्यानं सात तुकड्या खाल्ल्या. 'अहो'चं 'अरे' कितव्या तुकडीला झालं ते आठवत नाही.

मग रविवार ठरूनच गेले. मी काठावर थर्मासमधला चहा घेऊन बसायची, रिमझिम पाऊस पडत असायचा, आणि तो पाण्यात. मासा कसा धरावा हे त्याच्याकडून शिकावं. आधी हात ओले करायचा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर जाऊ नये. मोठी मादी आली तर तिला पाण्याबाहेर काढायचाच नाही. जाळ्यातच मापायचा, तिचा गळ सोडवायचा आणि ती स्वतःहून निघेपर्यंत थांबायचा. आपल्याला एवढ्या जपून कुणी कधी हाताळलंय का, असं काहीबाही माझ्या मनात यायचं... आणि चहा गार व्हायचा.

"तुझी ती गाभोळी," एकदा तो म्हणाला, "खरंच एवढी भारी लागते?"

"सत्या, तू अजून जेवलाच नाहीस असं समज."

मला ती त्याला खिलवायचीच होती. त्याच्याकडे ते तळं होतं, ती शांत माया होती. माझ्याकडे दाखवण्यासारखं एवढंच होतं. पण लहान मासळीत गाभोळी निघे ती बोटाएवढी, नाहीतर नाहीच.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी अंधारून येताना त्याची गळकाठी वाकली. जाळ्यात आली ती मादी, भरल्या पोटाची. त्याचे दोन्ही हात गुंतलेले.

"वल्लरी, सत्तरच्या काठावरच आहे बघ ही. टेप लाव! किती?"

मी टॉर्च धरला. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप लावली. त्र्याहत्तर.

"एकोणसत्तर," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

माझ्या स्वयंपाकघरात पोट चिरलं आणि गाभोळीच्या दोन लांब, केशरी पिशव्या अखंड बाहेर आल्या. अशी गाभोळी मी मुरुडलाही क्वचित पाहिली होती. हळद-मीठ लावून वाफवली, जाड काप केले, रव्यात घोळवून तव्यावर सोडले. सत्यजित ओट्याला टेकून उभा होता. "काय रूप आहे गं... केवढी असतील अंडी? लाखभर?" त्याच्या आवाजात कौतुक होतं आणि जराशी हळहळही.

मी पान वाढलं. त्यानं पहिला काप उचलला...

"त्र्याहत्तर होती," मी म्हटलं.

त्यानं काप खाली ठेवला.

"मी खोटं बोलले. मला तुला हे खायला घालायचं होतं. मूर्खपणा झाला."

त्यानं हात पुसले. रागावून ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं फोन काढला आणि तळ्याची देखरेख करणाऱ्या ब्रेनरना लावला. जर्मनमध्ये सगळं सांगितलं, फक्त माझं नाव सोडून. "माप मी स्वतः बघायला हवं होतं," एवढंच. मला राहवलं नाही. मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "हेर ब्रेनर, माप मी चुकीचं सांगितलं. मुद्दाम!"

 पलीकडून "याऽ..." असा जर्मन होकाराचा एक लांब सुस्कारा. मग निकाल: सत्यजितचा परवाना मे महिन्यापर्यंत जमा, उमेदवारी आणखी एक वर्ष, आणि मार्चच्या आर्बाइट्सडीन्स्टला, म्हणजे क्लबच्या श्रमदानाला, दोघांनी हजर राहायचं.

"मारली आहे, तर वाया घालवायची नाही," सत्यजित म्हणाला. आम्ही ती निमूट जेवलो. जाताना म्हणाला, "फार सुंदर झाली होती." आणि गेला. पुढे त्याचा फोन आला नाही. करण्याची हिंमत मलाही झाली नाही. साडेतीन महिने मी मासे घरात आणले नाहीत.

मार्चमधल्या शनिवारी तळ्यावर गेले तेव्हा काठावर नाताळच्या वाळक्या झाडांचा ढीग पडला होता. त्यांना दगड बांधून तळाशी सोडायचं. त्सांडर त्यांच्यात अंडी घालते. ब्रेनर आजोबांनी आम्हा दोघांना एकाच होडीत बसवलं. मुद्दामच असणार.

पहिली चार झाडं आम्ही "धर", "सोड" एवढ्यावर बुडवली. पाचव्याला तो म्हणाला, "मादी अंडी घालून निघून जाते. मग नर तिथेच राहतो. पंखांनी पाणी हलवत, अंड्यांची राखण करत. कुणी जवळ आलं तर चावतो."

"सत्यजित," मी म्हटलं. माझी बोटं गारठली होती. "मला तू आवडतोस. खूप. ती माझ्या खोट्याची सबब नाही. खोटं बोलले ती चूकच. पण हे खरं आहे आणि तुला सांगायचं होतं."

तो दोरीची गाठ बघत राहिला. "पहिला महिना मी खरंच चिडलो होतो."

"आणि नंतरचे?"

"आल्झो..."

"जर्मनमध्ये पळू नकोस!"

तो हसला. किती दिवसांनी! "नंतरचे फोन कसा करायचा ते सुचत नव्हतं. तू सांगितलं नसतंस तर मला जन्मात कळलं नसतं, वल्लरी. मी घास घेण्याआधी सांगितलंस. मी रोज तेच आठवत होतो... अशी मुलगी मला पुन्हा भेटायची नाही." त्यानं माझी गार बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली. "मलाही तू आवडतेस. त्या पहिल्या ओरडण्यापासून."

"होडी वाहत चालली!" काठावरून ब्रेनर आजोबा ओरडले. "अजून अकरा झाडं आहेत!"

"अकरा," सत्यजित म्हणाला. हात मात्र त्यानं सोडला नाही. "संध्याकाळ होईल."

"होऊ दे की," मी म्हटलं, आणि दुसऱ्या हातानं पुढचं झाड ओढलं.